नव्वद स्क्रीन आणि डावा हात

मधुवंती शिराळकरचा हात फार जलद चालतो, हे जयपूरच्या झालाना भागातल्या त्या ऑफिसात नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यातच कळायचं. ती नोकरीला लागली तेव्हाची गोष्ट तिथले लोक अजून सांगायचे. मुलाखत घेणाऱ्या रणजित शेखावतने तिला रक्ततपासणीच्या एका अ‍ॅपचा स्क्रीन काढून दाखवायला सांगितला आणि तो चहाचं सांगायला बाहेर गेला. चहा आला तेव्हा स्क्रीन झालेला होता आणि मधुवंती खिडकीतून पलीकडच्या जंगलातले मोर बघत बसली होती.

मोबाईलवर आपल्याला जे दिसतं, म्हणजे बटणं, चौकटी, तारखा, ‘पुढे जा’ आणि ‘मागे या’, ते सगळं आधी कुणीतरी चित्रासारखं मांडून ठेवतं. मग प्रोग्रामर त्यात जीव घालतो. मधुवंती हे मांडणीचं काम करायची. वय शेहेचाळीस. बरोबरची मुलं-मुली पंचविशीच्या आतली, डिझाइनच्या कॉलेजातून आलेली. हिची पदवी कॉमर्सची, तीही कऱ्हाडची.

हाताचा वेग तिने कऱ्हाडलाच कमावला होता. तिथल्या एका छापखान्यात ती बारा वर्षं डीटीपी करत होती. लग्नसराईत गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून ‘हे नाव वर घ्या, थोरल्या मामांचं राहिलं’ असं सांगायचं आणि त्याचं बोलणं संपायच्या आत ही ते करून मोकळी व्हायची. नवऱ्याला, प्रसन्नला, जयपूरच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि ते टिळक नगरात राहायला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. इथे छापखान्यांना तिची गरज नव्हती. तिने घरी बसून, इंटरनेटवर बघून नवं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी धरली. वय जास्त, पदवी भलतीच, हिंदीला कऱ्हाडचा हेल. या सगळ्यावर तिच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तिच्या उजव्या हातात होतं.

तिच्या कामाला वेग होता, पण शिस्त नव्हती. नवा स्क्रीन हवा की ती जुना उचलायची, त्याची नक्कल करायची, नको ते पुसायची, हवं ते नव्याने काढायची आणि नजरेनेच सरळ रेषेत बसवायची. स्क्रीनवरच्या प्रत्येक तुकड्याला, लेयरला, एक नाव असतं. ते आपण दिलं नाही तर सॉफ्टवेअर आपणहून देतं. मधुवंतीच्या फाईलमध्ये सगळी नावं सॉफ्टवेअरने दिलेलीच असायची: रेक्टँगल ६१४, ग्रुप ९२, फ्रेम २०७. नावं देत बसणं तिला सरकारी कचेरीतल्या कामासारखं वाटायचं.

ऑफिसात नाशिकचा मिहीर नावाचा एक प्रोग्रामर होता. मधुवंतीची चित्रं त्याच्याकडे जायची. तो शांत मुलगा होता, पण एकदा म्हणाला, “ताई, तुमच्या फाईलमध्ये एकच हिरवा रंग अकरा प्रकारचा आहे.”

“दिसायला एकच दिसतो ना?” मधुवंती म्हणाली.

“डोळ्यांना दिसतो. मला प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहावा लागतो.”

“मग यातला एक घे आणि बाकीचे विसर,” असं सांगून ती पुढच्या कामाला लागली होती.

गेल्या वर्षी संक्रांतीला तिचं मनगट मोडलं. जयपुरात त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर असतं. मधुवंती शेजारच्या कलावतीजींना तिळगूळ द्यायला वर गेली. कुणाच्या तरी कापलेल्या पतंगाचा मांजा गच्चीवर गुंता होऊन पडला होता. त्यात पाय अडकला आणि ती उजव्या तळव्यावर पडली. तिळगुळाचा डबा घरंगळत टाकीपर्यंत गेला. आजूबाजूच्या गच्च्यांवर गाणी आणि आरडाओरडा इतका होता की ती पडल्याचं कलावतीजींनाही जरा उशिरानेच कळलं.

“सरकलेलं नाही, नशीब,” डॉक्टर फोटो बघून म्हणाले. “सहा आठवडे प्लास्टर. बोटं मात्र हलवत राहा.”

त्या वेळी तिच्याकडे एका हॉस्पिटलचं काम होतं. रोग्याने घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, त्याचं अ‍ॅप. एकूण नव्वद स्क्रीन, त्यातले तीस झालेले, आणि मुदत फेब्रुवारीअखेरची. रणजितचा फोन आला. तो नेहमीसारखाच अदबीने बोलला. “मधुजी, आप आराम कीजिए. फाईल मयूरी देख लेगी.”

मयूरी कोट्याची होती, चोवीस वर्षांची, नोकरीला दीड वर्ष झालेली. तिचा पहिला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आला. त्या दिवसात तिने आठ वेळा फोन केला आणि पुढच्या दिवशी अकरा वेळा.

“दीदी, तारखेची पट्टी हलवायची आहे. कुठला लेयर धरू? रेक्टँगल ६१४ च्या आत ग्रुप ९२ आहे, त्यात आणखी एक रेक्टँगल आहे, पण तो दिसतच नाही.”

“त्याच्या खाली बघ.”

“खाली तसेच तीन आहेत.”

मधुवंतीने डोळे मिटून ती फाईल आठवून पाहिली. आपला हात कुठे जायचा, किती सरकायचा, कुठे थांबायचा, हे तिला सगळं आठवत होतं. पण त्या तुकड्याचं नाव काय, तो कशाच्या आत आहे, हे सांगता येईना. उत्तर हाताला येत होतं, तोंडाला येत नव्हतं.

“थांब, मी आठवून सांगते,” ती म्हणाली. मयूरीला वाटलं बोलणं संपलं. तिने फोन टेबलावर ठेवला, पण बंद केला नाही. मग तिचाच आवाज मधुवंतीला ऐकू आला. ती कुणाला तरी सांगत होती, “इससे अच्छा तो नया बना लें. या फाईलमध्ये दीदीशिवाय कुणी जगू शकत नाही.” त्यावर मिहीरचा आवाज आला. तो एवढंच म्हणाला, “मी तीन वर्षं तिथेच राहतोय.” कुणीतरी हसलं.

मधुवंतीने आपल्या बाजूने फोन बंद केला. घरी तिने हे सांगितलं नाही. दोन दिवस ती टीव्ही लावून बसली आणि काहीच बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने रणजितला फोन केला.

“मला काम परत द्या. डाव्या हाताने करते.”

रणजितने विचारलं, “कितना हो पाएगा?”

“माहीत नाही. मला दहा दिवस द्या, घरून करते. नाही जमलं तर मयूरीला नव्याने करू द्या, मी वाईट वाटून घेणार नाही.”

रणजितने दहा दिवस दिले. त्याच्याजवळही दुसरा माणूस नव्हता.

जेवणाचं टेबल तिचं टेबल झालं. घडी घातलेल्या टॉवेलवर प्लास्टरचा हात, त्याच्यापुढे कीबोर्ड, आणि माऊस डावीकडे. पहिला दिवस तिने नंतरही कधी रंगवून सांगितला नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाण भलतीकडे जायचा. धरलेला तुकडा सुटायचा. चौकट ओढायला गेली की मागची पार्श्वभूमीच सरकायची. सकाळी नऊ ते एक बसून एक स्क्रीन झाला, तोही वाकडा. माऊस किती वेळा हलवावा लागतो, हे कळावं म्हणून ती कागदावर पेन्सिलीने एकेक रेघ मारत होती. चार वाजता प्रसन्न घरी आला तेव्हा कागद रेघांनी भरला होता.

“किती आहेत?” त्याने विचारलं.

“चारशेच्या वर. पुढे मोजल्या नाहीत.”

प्रसन्न रसायनशास्त्रातला माणूस. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. “यातल्या वेगळ्या किती?”

“म्हणजे?”

“म्हणजे चारशे वेगवेगळी कामं केलीस, की थोडीच कामं पुन्हा पुन्हा केलीस?”

मधुवंतीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. उजवा हात चालत होता तोवर तेच काम शंभर वेळा केलं तरी त्याचा भार जाणवत नव्हता. आता प्रत्येक हालचाल जड झाली होती, आणि त्यामुळेच ती दिसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सॉफ्टवेअर उघडलंच नाही. प्रसन्नला बाजारात पाठवून झालेल्या तीस स्क्रीनचे कागदावर प्रिंट आणवले आणि ते पलंगावर मांडले. डाव्या हातात लाल पेन धरून, जिथे जिथे तीच गोष्ट पुन्हा दिसली तिथे ती गोल करत गेली. डॉक्टरच्या नावाची चौकट तीसपैकी एकवीस कागदांवर होती. तारखांची पट्टी चौदा कागदांवर. खालचं मोठं बटण सगळीकडे. दुपारी शाळेतून आलेली गार्गी, तिची सोळा वर्षांची मुलगी, दारात उभी राहून बघत होती.

“आई, तू मतलब, कागदावर अ‍ॅप बनवतेयस?”

“नाही. मी काय काय बनवलंय ते बघतेय.”

संध्याकाळपर्यंत मोजदाद झाली. वेगळ्या गोष्टी फक्त चौदा निघाल्या. नव्वद स्क्रीन म्हणजे नव्वद कामं नव्हतीच. कामं चौदा होती. उरलेली सगळी मांडामांड.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय पहिल्यापासून होती. एखादी गोष्ट एकदा ‘मूळ’ म्हणून बनवून ठेवायची आणि लागेल तिथे तिची प्रत ठेवायची. मुळात बदल केला की सगळ्या प्रती आपोआप बदलतात. मधुवंतीला ही सोय माहीत होती. सगळ्यांनाच माहीत असते. पण मूळ बनवायला दहा मिनिटं लागतात आणि हाताने बटण काढायला दहा सेकंद, म्हणून तिने कधी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. आता ती दहा सेकंदं तीन मिनिटांची झाली होती, आणि हिशेब उलटला होता.

पुढचे सात दिवस तिने एकही नवा स्क्रीन केला नाही. फक्त त्या चौदा गोष्टी केल्या. बटण करताना तिने त्याची चौकट अशी बांधली की आतला मजकूर वाढला तर चौकटही वाढेल आणि कडेची मोकळी जागा तेवढीच राहील. डॉक्टरच्या चौकटीत तिने मुद्दाम लांबातलं लांब नाव घातलं, ‘डॉ. पुरुषोत्तमदास खंडेलवाल’, आणि खाली ‘अस्थिरोग एवं जोड़ प्रत्यारोपण विभाग’. आजवर ती अशा जागी ‘डॉ. राम’ असं काहीतरी टाकून पुढे जायची आणि चित्र सुंदर दिसायचं. खंडेलवालांना घातल्यावर पहिल्यांदा सगळं फुटलं. मग तिने चौकट खंडेलवालांच्या मापाने बांधली.

हिरव्याचे अकरा प्रकार तिने एकावर आणले. त्याला ‘हिरवा’ म्हटलं नाही, ‘होकार’ म्हटलं. उद्या हॉस्पिटलवाल्यांनी निळा मागितला तरी होकार तो होकारच राहणार. मग नावं. प्रत्येक तुकड्याला तीन गोष्टी सांगणारं नाव: काय आहे, कुठल्या प्रकारचं आहे, आत्ता कशा स्थितीत आहे. ‘बटण, मोठं, बंद.’ ‘पट्टी, तारीख, निवडलेली.’ नावं देताना ती स्वतःला एकच विचारायची: हे मयूरीला फोन न करता कळेल का?

दोन कळा एकत्र दाबायचं तिला जमत नव्हतं. अंगठा प्लास्टरात अर्धा अडकलेला होता. गार्गीने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शोधून एक सोय चालू करून दिली. “आता साथ में नको दाबू. एकेक दाब. तो समजतो.” तिचं मराठी असंच अर्धं हिंदीत जायचं. तेव्हापासून मधुवंतीने ठरवलं की रोज एकच शॉर्टकट शिकायचा. इंटरनेटवर त्यांच्या दीडदीडशेच्या याद्या होत्या. तिने त्या बघितल्या आणि बंद केल्या. रेघांच्या कागदावर जी कामं सगळ्यात जास्त वेळा आली होती, तेवढ्यांचेच शॉर्टकट घेतले. पाच झाले. ते कागदाच्या पट्टीवर लिहून तिने स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवले. पट्टीकडे न बघता हात गेला की तेवढ्या भागावर ती चिकटपट्टी लावून झाकायची.

शेवटी तिने फाईलची पानं वेगळी केली. एक ‘कच्चं’, एक ‘चालू’, एक ‘पक्कं’. पक्क्यात गेलेलं मिहीरने घ्यायचं. बाकीच्यांकडे त्याने बघायचंही नाही.

दहाव्या दिवशी रणजितने फाईल उघडली आणि फोन केला. “मधुजी, यात तर पाचच नवे स्क्रीन आहेत. दस दिन में पाँच?”

“आज केलेले आहेत ते. उद्या बघा.”

दुसऱ्या दिवशी नऊ झाले. तिसऱ्या दिवशी, मयूरीलाही कामाला घेतल्यावर, सोळा. मयूरीचे फोन कमी झाले. विचारायचं असेल ते ती फाईलमध्येच, त्या त्या तुकड्यावर टीप ठेवून विचारायची, आणि मधुवंती तिथेच उत्तर लिहायची. एकच प्रश्न दोनदा येत नव्हता, कारण पहिलं उत्तर तिथे पडलेलं असायचं.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एका सकाळी तिने डॉक्टरच्या मूळ चौकटीची उंची बदलली आणि चाळीस स्क्रीनवर तारखा नावांवर चढल्या. हाताने काढलेल्या स्क्रीनमध्ये चूक झाली तर ती एका जागी व्हायची. इथे ती क्षणात चाळीस जागी झाली. बदलाआधीची अवस्था तिने नाव देऊन जपून ठेवलेली नव्हती. सॉफ्टवेअरने आपणहून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवर परत जावं लागलं, आणि त्यात मयूरीचं सकाळभरचं काम गेलं.

“माझी चूक आहे,” तिने मयूरीला फोनवर सांगितलं. “तुझं मी करून देते.”

“रहने दीजिए दीदी, दोन तासांचंच होतं,” मयूरी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवलाही नाही. त्यानंतर कुठलाही मोठा बदल करण्याआधी मधुवंती फाईलची अवस्था तारीख आणि कारण लिहून जपून ठेवायला लागली. मयूरीही ठेवायला लागली.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा हॉस्पिटलकडून निरोप आला. अ‍ॅप आधी हिंदीत दिसावं, इंग्रजी मागाहून. रोगी शेखावाटीच्या, दौशाकडच्या खेड्यांतून येतात. त्यांना इंग्रजी कशाला? मागणी रास्त होती, पण कामाच्या दृष्टीने ती वादळासारखी होती. इंग्रजीतला एक शब्द हिंदीत तीन शब्दांचा होतो, आणि वरच्या वेलांट्या, खालचे उकार यांना ओळीत जास्त जागा लागते. रणजितने लगेच सगळ्यांना फोनवर जोडून घेतलं आणि विचारलं की दोन आठवडे पुढे ढकलायचं का.

मधुवंतीने त्याला दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. तिने चालू अवस्था जपून ठेवली, मूळ अक्षरांची ओळ थोडी उंच केली आणि मूळ बटणांमध्ये हिंदी मजकूर घातला. चौकटी लांबल्या. खालच्या गोष्टी खाली सरकल्या. खंडेलवालांच्या मापाने बांधलेलं सगळं जागेवर राहिलं. एकाहत्तर स्क्रीन जेवणाच्या वेळेपर्यंत नीट झाले.

एकोणीस मात्र जसेच्या तसे राहिले. तिने एकेक उघडून पाहिला. चार मयूरीचे होते. घाईत तिने प्रतींचं मुळाशी असलेलं नातं तोडून टाकलं होतं. पंधरा तिचे स्वतःचे होते, संक्रांतीच्या आधीचे, चांगल्या हाताने झरझर काढलेले. जुन्या तीसपैकी निम्मे तिने मधल्या काळात नव्या तुकड्यांनी बांधून घेतले होते; या पंधरांना मात्र ‘ते झालेलेच आहेत’ म्हणून हात लावला नव्हता. दिसायला ते बाकीच्यांसारखेच होते. आतमध्ये रेक्टँगल ६१४ होता.

तिने मिहीरला फोन केला. “हे एकोणीस असेच सोडले तर?”

“सोडता येतील,” मिहीर म्हणाला. “मग ते मला हाताने करावे लागतील.” मग म्हणाला, “ताई, बाकीचे एकाहत्तर मी परवा इंग्रजीतले घेतले ना, तेव्हा तुम्हाला एकही फोन केला नाही. तुमच्या लक्षात आलं का?”

तिच्या लक्षात आलं नव्हतं. फोन आला नाही हे कसं लक्षात येणार?

एकोणीस स्क्रीन तिने आणि मयूरीने मिळून तीन दिवसांत नव्याने बांधले. काम मुदतीनंतर दोन दिवसांनी गेलं. हॉस्पिटलने सात दुरुस्त्या सांगितल्या, त्या झाल्या, आणि विषय संपला. ऑफिसात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रणजितने कचोऱ्या मागवल्या, पण त्या तो महिन्यातून एकदा मागवायचाच.

प्लास्टर निघालं तेव्हा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बारीक आणि फिकट झाला होता. व्यायाम करूनही मनगट पूर्वीइतकं वळेना. एप्रिलमध्ये एकदा, ऑफिसातली बैठकीची खोली रिकामी असताना, मधुवंतीने दार लावून घेतलं आणि उजव्या हातात माऊस धरून जुन्या पद्धतीने एक स्क्रीन काढायला घेतला. नक्कल, पुसणं, ओढणं, नजरेने सरळ करणं. वीस मिनिटांनी मनगट दुखायला लागलं, आणि स्क्रीन अर्धाही झाला नव्हता. तिने तो पुसून टाकला. तिला वाईट वाटलं. किती वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही, प्रसन्नला फक्त म्हणाली, “तो हात आता नाही राहिला.” त्यावर प्रसन्नने तिला समजावलं नाही. त्याने तिचा हात बघितला आणि व्यायामाचा मऊ चेंडू आणून तिच्यापुढे ठेवला.

माऊस तिने डावीकडेच ठेवला. ऑफिसात तिच्याबद्दलची जुनी गोष्ट हळूहळू मागे पडली. नव्याने आलेल्यांना ती ठाऊकही नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की मधुजींच्या फाईलमध्ये गोष्टी सापडतात.

जूनमध्ये रणजितने तिला बोलावून सांगितलं, “नए लोगों को आप सिखाइए. गुरुवारी एक तास.” तिने नाही म्हटलं, शिकवायला आपण शिकलेलो नाही, असं ती म्हणाली. रणजितने पुन्हा सांगितलं. शेवटी तिने हो म्हटलं, पण पडद्यावर मुद्दे दाखवणार नाही असं बजावलं.

पहिल्या गुरुवारी पाच जण आले. तिने सगळ्यांना एक साधा स्क्रीन दिला: यादी, आठ नावं, प्रत्येकापुढे एक बटण. “माऊस डाव्या हातात घ्या आणि करा,” ती हिंदीत म्हणाली. मुलं हसली. पाच मिनिटं खेळीमेळीची गेली. मग हसणं थांबलं. दहाव्या मिनिटाला एका मुलीने डोकं वर केलं आणि विचारलं, “मॅम, हे बटण आठही वेळा काढायचं, की एकदाच काढून चालेल?”

“तुला काय वाटतं?” मधुवंतीने विचारलं, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.

मयूरी दिवाळीनंतर गुडगावला मोठ्या नोकरीवर गेली. जाताना तिने मधुवंतीकडून त्या चौदा गोष्टींची यादी मागून घेतली. मधुवंतीने ती दिली, पण म्हणाली, “तुझ्या कामाच्या चौदा वेगळ्या असतील. आधी मोजून बघ.”

डिसेंबरात सिव्हिल लाइन्सकडून परतताना मधुवंती त्या हॉस्पिटलात गेली. कामासाठी नाही; मनगट थंडीत दुखत होतं. दारापाशी, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी, तेच अ‍ॅप असलेला एक मोठा पडदा लावलेला होता आणि त्याच्यापुढे रांग होती. पुढे फेटा बांधलेला एक म्हातारा होता. त्याने डॉक्टर निवडला, तारखांपर्यंत आला आणि एका फिकट राखाडी तारखेवर बोट ठेवलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा ठेवलं, जरा जोरात. ती तारीख भरलेली होती. राखाडी म्हणजे बंद, हे डिझाइनवाल्यांना कळतं, त्याला कसं कळावं? मागच्या बाईने तोच प्रकार केला. मधुवंती बाजूला उभी राहून बघत राहिली. नऊ माणसांपैकी सहांनी राखाडी तारखेवर बोट ठेवलं.

सोमवारी ऑफिसात आल्यावर तिने फाईल उघडली आणि आत्ताची अवस्था नाव लिहून जपून ठेवली. मग ‘पट्टी, तारीख, बंद’ हा तुकडा शोधला. तो शोधायला तिला पाच सेकंदं लागली. तारखेवर तिने एक आडवी रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: ‘भर गई’. मग मिहीरसाठी टीप ठेवली की बदल पक्क्यात आहे, घेऊन टाक, आणि दुसऱ्या कामाची फाईल उघडली.